शांत केलेली आई

भर मे महिन्यात दोन स्वेटर घालून बसलेल्या सुलभाताईंची नाडी मोजताना, घरी तपासायला आलेल्या सिस्टर हेमलताच्या कपाळाला आठी पडली. जेमतेम अठ्ठेचाळीस. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा.

"आई किती शांत झालीय ना, सिस्टर!" मुलगा कौतुकाने म्हणाला. "दोन महिन्यांत घरात एक भांडण नाही."

हेमलताने त्याचा मोबाईल मागून घेतला. आईच्या गळ्यात बसवलेलं, थायरॉईडचं औषध सोडणारं यंत्र त्यावरूनच चालायचं; औषधाचा आकडा त्यानेच पार तळाला नेला होता.

"टीव्हीचा आवाज कमी करतात तसं आईला केलंत?"

तिला शिसारी आली. त्याच्या घरचा चहा तिने तसाच बाजूला सारला, आकडा हळूहळू चढेल असा लावला आणि नवा पासवर्ड फक्त सुलभाताईंच्या कानात सांगितला.

पुढच्या महिन्यात जिन्यातच तिला खणखणीत आवाज ऐकू आला, "मेल्या, सिस्टर यायची वेळ झाली, चहा टाक!"