मीना बसली होती ती जागा

मुलांनो, कल्पना करा, पण डोळे मिटू नका. या गोष्टीत ते उघडेच ठेवायचे आहेत. सकाळचे सात वाजलेत. नाशिकच्या पेठ नाक्यावर, विजेच्या खांबाच्या बुटक्या चौथऱ्यावर दहा वर्षांची मीना बसली आहे. तुम्ही तिच्या शेजारी बसा. समोर द्राक्षबागांवर मजूर नेणाऱ्या पिकअप गाड्या उभ्या आहेत. इथला रिवाज असा, की ज्याच्या गाडीत बोचकं टाकलं त्याच्याकडेच हंगामभर राबायचं.

मीनाच्या बापानं, रावजीनं, आपलं बोचकं मुकादम गोटीरामच्या गाडीतून काढलं आणि शेजारच्या गाडीत टाकलं.

गोटीरामनं चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली. पहिला घाव रावजीच्या उजव्या कोपरावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. रावजी गुडघ्यांवर आला. दुसरा घाव पाठीत, तिसरा तोंडावर. रक्ताबरोबर एक दात डांबरावर पडला.

"बोचकं काढतो? आता काढ ना," गोटीराम म्हणाला, आणि मोडलेल्या हातावर त्यानं बूट ठेवला.

तीस माणसं उभी होती. एकही जण पुढे आला नाही. रावजीचं ओरडणं बंद झाल्यावर गोटीरामनं टॉमी पायानं आपल्या गाडीखाली, मागच्या चाकाआड सरकवली.

तेवढ्यात ओझरच्या विमानतळावरून आलेली टॅक्सी नाक्यावर थांबली. तिच्यातून उतरली रोशनी, रावजीच्याच पाड्यावरची. नाशकात वकिलीची परीक्षा देऊन ती शिष्यवृत्तीवर हॉलंडला कायदा शिकायला गेली. आता तिथल्याच एका आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी ती युद्धातून वाचलेल्या माणसांच्या साक्षी लिहून घेते. पंधरा दिवसांच्या रजेवर गावी निघालेली ती इथून पेठची एसटी धरणार होती.

तिनं रावजीला पाहिलं. काही न विचारता ओढणी फाडून त्याचा हात बांधला आणि रुग्णवाहिकेला फोन केला. मग चौकातला हवालदार आला.

"पिऊन गाडीवरून पडला, साहेब," गोटीराम म्हणाला. तो मीनाच्या चौथऱ्यावर पाय ठेवून पुढे वाकून उभा होता. मीना केव्हाच उठून मजुरांतल्या म्हाताऱ्या लंकाबाईच्या लुगड्याआड गेली होती.

हवालदारानं मजुरांकडे पाहिलं. "कोणी पाहिलं?"

"आम्ही चहाला गेलो व्हतो," एक जण म्हणाला. बाकीचे आपापल्या पायांकडे पाहू लागले.

"म्हणजे पडलाच." हवालदारानं वही उघडली.

लंकाबाई पुढे झाली. "थांबा साहेब, ही आमची रोशनी सांगंल. लय मोठ्या कोर्टात हाय ती. सांग गं पोरी."

रोशनी उठली. तिच्या हातांना रावजीचं रक्त लागलं होतं. "मी नाही सांगू शकत, आजी. मी आले तेव्हा मार थांबला होता. मी काही पाहिलेलं नाही."

गोटीराम हसला. "ऐका. वकीलबाईच सांगते."

लंकाबाईचा आवाज चिरकला. "समिंदरापल्याड जाऊन हेच शिकलीस काय? मुकं व्हायला? खोटं थोडंच सांगायचं हाय तुला? आम्हाला ठावं हाय कुणी मारलं!"

"मग तुम्ही सांगा."

लंकाबाईची नजर पिकअपकडे गेली. तिचं बोचकं गोटीरामच्याच गाडीत होतं.

"न पाहिलेलं मी पाहिलं म्हणाले, तर मारणाऱ्याचा वकील मला एका प्रश्नात खाली बसवील," रोशनी म्हणाली. "मग रावजीदादाचं खरंसुद्धा खोटं ठरेल. पाहिलेल्या माणसाला विचारायचं कसं, एवढंच मी तिकडे शिकले."

ती मीनासमोर उकिडवी बसली, दोघींचे डोळे एका उंचीवर येतील अशी.

"मीना, तुला बोलायचं नसेल तर नको बोलू. मी रागावणार नाही. रावजीदादाही रागावणार नाही."

मीनानं बापाकडे पाहिलं. रावजी डांबरावर पडल्यापडल्या तिच्याकडे बघत होता. तोंड सुजल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं मान हलवली. नको, असं तो म्हणत होता.

"वकीलबाई, पोरीला पढवताय काय?" गोटीराम म्हणाला. "आणि तू गं, उद्या पाड्यावरनं आईसोबत याच गाडीत यायचंय तुला, ध्यानात ठेव."

"हवालदारसाहेब, हेही लिहा," रोशनी वर न पाहता म्हणाली. "मी एकच विचारते, तुमच्यासमोर. कोणी मारलं, का मारलं, यातलं काही नाही." तिनं आवाज खाली आणला. "मीना, तू कुठे होतीस?"

हवालदाराचं पेन थांबलं. दूर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजू लागला.

मीनानं लंकाबाईचं लुगडं सोडलं. ती बापाला ओलांडून गेली नाही, त्याला वळसा घालून गेली. खांबापाशी आली. गोटीरामचा बूट चौथऱ्यावर होता, त्याच्या टाचेला रक्त लागलं होतं. मीनानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"सरका," ती म्हणाली. "मी इथं बसले व्हते."

सगळा नाका त्या बुटाकडे पाहत होता. गोटीरामनं पाय काढला.

मीना चौथऱ्यावर सकाळसारखीच बसली, आणि तिनं गोटीरामच्या गाडीखाली, मागच्या चाकाआड बोट केलं.