दुसरा हात

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनासभेत पाद्री नसतो. तासभर गप्प बसायचं, शेवटी दोघांनी हात मिळवले की सभा संपली. यॉर्कशायरमधल्या आमच्या सभाघरात म्हाताऱ्या दोघीच उरलो होतो, मी आणि टॅबिथा. अंतरीचा प्रकाश टिपायला घेतलेल्या वहीत मी वर्षानुवर्षं एकच तक्रार लिहिली: ‘टॅबिथा आजही घोरली.’ हात मिळवताना तिला गदागदा हलवावं लागे. “झोपले नव्हते गं, देवाचं ऐकत होते.” “देव घोरतो वाटतं?” परवा तिला पुरलं. आज अखेर हवी तशी शांतता मिळाली. तास भरला आणि सवयीनं हात बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे गेला. दुपारी शेजारची दूधवाली डोकावली. “आजी, अजून इथंच? जेवायला जा की!” “सभा संपली नाही.” “आत तर कुणीच नाही!” “म्हणूनच.” ती गेली. मी वहीत लिहिलं: ‘आज कोणी घोरलं नाही. सभा चालू आहे.’