चॅपलमधला शेवटचा सीन

"कायदा बदलला असेल गेटाबाहेर! चॅपल माझं आहे," फेअरबर्न साहेब गरजले.

मुलींच्या या विद्यालयाच्या माजी विद्यार्थिनींची लग्नं याच चॅपलमध्ये, आवारातल्या छोट्या चर्चमध्ये, लागायची. दोन बायकांचं लग्न कायदेशीर झाल्यावर एनिड आणि थेल्मा या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींशी लग्नासाठी तोच हक्क मागितला, तेव्हा अध्यक्ष असलेल्या साहेबांनी त्यांची तोंडंही न बघता नकार कळवला होता. आणि आता त्यांच्याच गोष्टीवर सिनेमा काढणारी टेस पुढ्यात उभी!

१९५७ सालचं वसतिगृह, दोघींचं प्रेम, थेल्माची हकालपट्टी, सगळ्याचं शूटिंग झालं होतं. हकालपट्टी साहेबांना भारी आवडली. शिस्त दिसत होती ना! घोडं अडलं होतं शेवटच्या सीनवर. म्हातारपणी त्या दोघींचं लग्न.

"साहेब, हे खोटंखोटं. खरं लग्न तुम्ही थोडंच लागू देणार?"

"मी जिवंत असेपर्यंत नाही!"

"तेच तर! आणि साक्षीदार म्हणून भारदस्त माणूस हवाय. नट पुष्कळ मिळतील, तुमचा रुबाब कुठून आणू?"

साहेबांनी टाय सारखा केला.

दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्या नट्या आल्या. मेकअपवालीला त्यांनी जवळही फिरकू दिलं नाही. आत शिरताना दोघींनी खांबावरच्या पितळी काकाकुव्याला डावा हात लावला, इथल्या मुली लावतात तसा, त्याच्याकडे न बघता.

'अभ्यास करून आल्यात हं,' साहेब मनात म्हणाले.

निळ्या कोटातल्या बाईने विधी सुरू केला.

"मी, थेल्मा पॅस्को," उंच म्हातारी म्हणाली आणि मध्येच शेजारणीकडे वळली. "मला इथून हाकललं होतं, एनिड. बघ, आले परत! आता हाकला म्हणावं, हिंमत असेल तर!"

साहेबांच्या अंगावर काटा आला. काय बाई अभिनय!

"सही खरीच ठोका," टेस कानाशी कुजबुजली. "खोटी पडद्यावर लगेच कळते."

साहेबांनी लग्नाच्या कागदावर झोकात सही केली. खाली दुसरी साक्षीदार म्हणून टेसनेही केली. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, रडत होत्या. साहेबांनीही रुमाल काढला.

"फारच छान काम केलंत हो," ते निळ्या कोटवालीला म्हणाले. "याआधी कुठल्या सिनेमात होतात?"

"सिनेमात? छे हो!" तिने पेनाला टोपण लावलं. "मी सरकारमान्य लग्नं लावते."