मनीचं पान

समजा, शाळेच्या एकाच मोठ्या संगणकावर तुम्हा प्रत्येकाचं एकेक फोल्डर आहे, आणि त्यातलं पान जगात कुणीही वाचू शकतं. दोघा भावंडांतल्या धाकटीने तिथे आपल्या गेलेल्या मनीमांजरीचं पान मांडलं. सगळ्यांना वाचायची परवानगी देताना घाईत लिहायचीही देऊन बसली. सकाळी पानावरची मनी गायब. पानभर एकच शब्द: रडूबाई.

तिचे कान तापले. “दादा, तूच ना?”

“दार सताड उघडं टाकलंस, तर कुणीही शिरणार. शीक जरा.”

ती शिकली. दादाचं फोल्डर बघितलं, तर तेही सताड उघडं. सगळं पुसून टाकायला बोट उचललं आणि थांबली. मग त्याच्या पानावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिलं: “याचंही दार उघडंच आहे. आत या. – रडूबाई”