उलट विणलेला फासा

जनार्दनने वडिलांच्या माघारी विकायला काढलेल्या होडीत उभे राहून धाकू तांडेलांनी नांगराच्या दोराचा फासा चाचपला आणि सुरी उघडली. "होडी घेतो, पण हा आधी कापतो. उलटा विणलाय! कुणाची ही कारागिरी?" ते हसत म्हणाले.

"माझी," जनार्दन पुटपुटला.

नोकरीला जाण्याआधीच्या उन्हाळ्यात वडिलांसमोर बसून तो विणायला शिकला होता; त्यामुळे त्यांचे उजवे त्याचे डावे झाले. "आरशात बघून विणलास काय रे?" म्हणत वडील खळखळून हसले होते. त्या लाजेने त्याने पुन्हा दोराला हात लावला नाही.

तांडेलांचे हसू मावळले. "अस्सं होय! तुझ्या बापाला कितीदा म्हटलं, बदल हा. तर म्हणायचा, 'राहू दे. नांगर या फाशावर असला की मला दर्यात झोप लागते.'"

त्यांनी सुरी मिटली. जनार्दनला मात्र मान वर करवेना.