पायाचा अंगठा

किरणांच्या आधी कॅन्सरची गाठ तासभर यंत्रानं शेकायची, म्हणजे किरणं जास्त लागू पडतात, असा तो नवा उपचार होता. पेशंटनं एवढंच करायचं, चटका बसला की सांगायचं. नेमकं तेच काकूंना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. गेल्या खेपेला "काही नाही हो, बरंय" म्हणत म्हणत त्यांनी चांगला टपोरा फोड उठवून घेतला. आणखी एक फोड आला तर शेक बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

म्हणून आज टेक्निशियन बाईंनी काकांनाच यंत्राशेजारी स्टुलावर बसवलं. काका पेपरात डोकं खुपसून बसले.

"कमी करा," ते मध्येच म्हणाले.

"अहो काका, त्या तर हसतायत!"

"हसू दे. डाव्या पायाचा अंगठा बघा, आत वळलाय. दुखलं की वळतो. लग्नापासून बघतोय."

बाईंनी बटण फिरवून आकडा खाली आणला. अंगठा हळूहळू सरळ झाला.

काकू छताकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला कळत होतं?"

काकांनी पेपराचं पान उलटलं.

"कळत होतं गं. कमी करायचं बटण मात्र आजच सापडलं."