ताडून बघायला

भोरच्या दवाखान्यात भागूबाई एकटीच आलेली पाहून संशोधनासाठी रक्त गोळा करणाऱ्या शेफालीने विचारलं, "हैबतीबाबा कुठं आहेत? आज त्यांचं तिसऱ्यांदा रक्त घ्यायचं होतं."

"मालक गेले. सोमवारी. नाकातनं रक्त आलं, ते थांबलंच न्हाई."

शेफालीने हातातली नळी खाली ठेवली. हैबतीचं लिव्हर खराब झालं होतं. माणसाच्या रक्तात मुळातच हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधासारखी एक साखर असते; ती वाढली की रक्त गोठत नाही. अशा पेशंटच्या रक्तात ती किती वाढते, हे शेफाली मोजत होती.

"मग मावशी, हिर्डोशीवरनं एवढ्या लांब कशाला आलात?"

"कार्डावर आजची तारीख हाय. मालक म्हनले व्हते, चुकवायची न्हाई." भागूबाईने हात पुढे केला. "माझं घ्या. ताडून बघायला चांगल्या माणसाचंबी रक्त लागतं, तुमीच म्हनला व्हता."

शेफाली नको नको म्हणाली. भागूबाईने हात मागे घेतला नाही. शेवटी शेफालीने नवा फॉर्म काढला.

"ताप, खोकला?"

"न्हाई."

"कुठं काही दुखतं?"

"सोमवारपासनं कुठंच कायबी दुखत न्हाई. पायात काटा मोडला, त्योबी हितं आल्यावर दिसला."

शेफालीने सुई टोचली. भागूबाई खिडकीबाहेर बघत राहिली. नळी भरली, तशी शेफालीने तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आणि नियमाप्रमाणे लिहिलं : निरोगी.